पापाखेरीज

छापखान्यात त्यांना सगळे वेलांटीबाई म्हणत, अर्थात पाठीमागे. पंचवीस वर्षं टेबलावर वाकून प्रूफं वाचता वाचता त्यांची पाठ वरच्या बाजूने वळली होती, हे एक कारण. दुसरं म्हणजे, ऱ्हस्व वेलांटीच्या जागी दीर्घ बसली की त्या अक्षरं जुळवणाऱ्या जुळाऱ्याकडे अशा बघायच्या, की त्यापेक्षा दोन थोबाडीत खाल्लेल्या बऱ्या. ‘वाचलं होतं की वास घेतला होता?’ असं विचारायच्या. नवीन माणसं पहिल्या महिन्यात रडायची, दुसऱ्या महिन्यात शिव्या द्यायची आणि तिसऱ्या महिन्यात चुका कमी करायची.

छापखाना चर्चचा होता. प्रार्थनापुस्तकं, गीतांच्या वह्या, धर्मग्रामांच्या, म्हणजे चर्चच्या स्थानिक विभागांच्या, सूचना आणि दर चार-पाच वर्षांनी मुलांसाठी धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरी. जुळणीची खोली तळघरात होती. तिच्या खिडक्या रस्त्याच्या पातळीला, त्यामुळे आतल्यांना दिवसभर लोकांची फक्त पायताणं दिसत. खिडक्यांखाली शिशाच्या अक्षरांच्या, म्हणजे खिळ्यांच्या, तिरक्या पेट्या मांडलेल्या, आणि कोपऱ्यात काचेच्या आडोशाआड बाईंचं टेबल. त्या टेबलावरून सहीनिशी सुटलेल्या पानात एकही चूक कधी सापडली नव्हती. बाईंकडे मिरवण्यासारखं तेवढं एकच होतं. लग्न झालेलं नव्हतं. भावाच्या घरी मागच्या खोलीत त्यांची खाट, शिवणयंत्र आणि इस्त्रीचं टेबल एकत्र नांदत होती, आणि त्या तिघांतलं नेमकं काय नको आहे हे वहिनी तोंडाने सोडून सगळ्या अंगाने सांगत असे.

छापखान्यातला सगळ्यात जुना जुळारी बाईंच्याच वयाचा, पन्नाशी ओलांडलेला. बोटं दुसऱ्या पेरापर्यंत काळी, तोंडात अखंड गुणगुण. त्याच्या जुळणीत चूक शोधायला बाईंनाही कष्ट पडत. एकदा जेवणाच्या सुट्टीत तो हस्तलिखित घेऊन त्यांच्या टेबलापाशी आला. अक्षर फार गिचमिड आहे, जरा वाचून दाखवता का, म्हणाला. बाईंनी वाचलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. तिसऱ्या दिवशी त्याने आणलेला कागद टाईप केलेला होता. बाईंनी कागद खाली ठेवला आणि त्याला सरळ विचारलं.

त्याने दार लागलेलं आहे का ते आधी पाहिलं. मग सांगितलं, की डोळ्यांच्या मागची नस वाळत चाललीय, डॉक्टर म्हणतात उपाय नाही. मधलं सगळं धुरकट दिसतं, कडेचं तेवढं दिसतं. खिळ्यांची घरं हाताला पाठ आहेत म्हणून काम निभतंय, पण लिहिलेलं वाचता येत नाही. कुणाला सांगू नका, एवढंच मागणं होतं. बाईंनी शब्द दिला.

तेव्हापासून रोज जेवणाच्या सुट्टीत बाई वाचत आणि जुळारी जुळवी. प्रूफातल्या दुरुस्त्याही त्या मोठ्याने सांगत, तो त्या ओळीवर बोट फिरवून खिळा काढी, दुसरा बसवी. ‘चांगला जुळारी वाया जाऊ नये’ म्हणून आपण हे करतो, अशी बाईंची समजूत होती. पण उभ्या दिवसात त्यांच्या आवाजाची कुणी वाट पाहत असेल, तर ते त्याच अर्ध्या तासात.

मग प्रश्नोत्तरीचं काम आलं.

जुळारी भाविक होता, पण त्याचं भाविकपण जरा चौकस. बाई वाचायच्या, ‘येशू ख्रिस्त खरा देव आहे आणि खरा माणूसही आहे. त्याचे स्वभाव दोन, एक दैवी आणि एक मानवी; पण व्यक्ती एकच.’ जुळाऱ्याचा हात पेटीवर थांबायचा.

‘म्हणजे अर्धा अर्धा?’ त्याने विचारलं.

बाईंनी ठणकावून सांगितलं, की अर्धा मुळीच नाही. पूर्ण देव आणि पूर्ण माणूस. दूध आणि पाणी मिसळावं तसंही नाही, आणि एका घरात दोन भाडेकरू राहावेत तसंही नाही.

‘मग सुतारकाम करताना बोटावर हातोडी बसली, तर दुखायचं कुणाला?’

‘त्यालाच. देहाने, माणूस म्हणून. पण दुखणारा जो आहे, तो देवाचा पुत्रच.’

‘सर्दी व्हायची?’

‘होत असणार.’

‘देवाला सर्दी,’ जुळारी म्हणाला, आणि त्या दिवशी तो संध्याकाळपर्यंत स्वतःशीच हसत होता. त्याला ती गोष्ट इतकी आवडली, की घरी जाऊन बायकोला सांगितली. दुसऱ्या दिवशी बायकोचा प्रश्न घेऊन आला: तो भ्यायला होता का? बाई म्हणाल्या, भ्यायला होता, मरणाच्या आदल्या दिवशी घाम फुटेपर्यंत भ्यायला होता. भूक, झोप, भीती, एकटेपण, सगळं त्याने आपल्यासारखंच घेतलं. एकच घेतलं नाही. आणि त्यांनी पुढचं, बाविसावं उत्तर वाचलं: ‘पापाखेरीज सर्व बाबतींत तो आपल्यासारखा झाला.’

जुळाऱ्याने ती ओळ जुळवली, पण बोलण्याच्या नादात ‘पापाखेरीज’ दोनदा बसवला. पहिल्या प्रूफात बाईंनी लाल पेन्सिलीने एक काटला आणि दुपारी त्याला सांगितलं, ‘बावीस नंबर, पापाखेरीज काढा.’ त्याने एक काढला.

दुसरं प्रूफ आलं त्या दिवशी सकाळी वहिनी पहिल्यांदाच तोंडाने बोलली होती. मुलाचं लग्न ठरतंय, मागची खोली लागेल, तुमची सोय तुम्ही बघा. बाई कामावर आल्या त्या कान तापलेल्या अवस्थेत. टेबलावर पहिलं आणि दुसरं प्रूफ शेजारी शेजारी होतं. नजर जुन्या पानावर गेली, तिथे दोन शब्द दिसले, आणि सांगूनही दुरुस्ती केली नाही म्हणून त्या चिडल्या. नव्या पानावरचा एकुलता एक शब्द त्यांनी दाबून काटला, समासात ‘पुन्हा!’ असं लिहिलं, आणि दुपारी कडक आवाजात म्हणाल्या, ‘बावीस नंबर, पापाखेरीज काढा.’ जुळारी क्षणभर घुटमळला. मग त्याने काढला.

तिसऱ्या प्रूफात वाक्य कसं गुळगुळीत वाटत होतं. ‘सर्व बाबतींत तो आपल्यासारखा झाला.’ चुकीचा शब्द डोळ्यांना खुपतो, पण नसलेला शब्द खुपत नाही. बाईंनी खाली सही केली. तीन हजार प्रती छापून, बांधून धर्मग्रामांत गेल्या.

तीन महिन्यांनी बिशप एका धर्मग्रामाच्या भेटीला गेले. पहिल्या कम्युनियनची, म्हणजे ख्रिस्तप्रसाद घेण्याची, तयारी करणाऱ्या मुलांना त्यांनी प्रश्न विचारले. बाविसावा प्रश्न एका चुणचुणीत मुलीला आला. तिने उत्तर घडाघडा म्हटलं. बिशपांनी पुन्हा म्हणायला लावलं. मग विचारलं, सर्व बाबतींत म्हणजे पापातसुद्धा का? मुलीने जरा विचार केला आणि सांगितलं, हो, पुस्तकात सर्व लिहिलंय.

बिशपांचं पत्र सोमवारी आलं. छापखान्याचे व्यवस्थापक एक फादर होते. गोरेपान, नीटनेटके, भांडणं टाळणारे. पत्र वाचताना त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ज्याने कधी पाप केलं नाही त्याला मुलांसमोर पापी ठरवलं गेलं आहे, सगळ्या प्रती परत मागवा, आणि ही चूक कुणाची ते आठवड्यात कळवा, असं त्यात होतं. त्यांनी बाईंना बोलावून पत्र हातात दिलं. बाईंनी ते उभ्या उभ्या वाचलं, आणि बघून सांगते म्हणाल्या.

टेबलाच्या खालच्या खणात प्रूफं बांधून ठेवलेली होती. बावीस नंबरचं पान काढायला त्यांना दोन मिनिटंही लागली नाहीत. लाल रेघ त्यांचीच. ‘पुन्हा!’ हे अक्षरही त्यांचंच. त्या खुर्चीवर बसल्या. खोली, खाट, वहिनीचा चेहरा, नवीन माणसं जेवताना काय हसतील ते, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. मग त्यांनी त्या पानाचे, आणि सही केलेल्या शेवटच्या पानाचेही, नखाएवढे तुकडे केले आणि कागदाच्या कात्रणांचं पोतं लगद्यासाठी जायला दाराशी उभं होतं, त्यात हात कोपरापर्यंत घालून ते तळाशी सोडले.

फादरांपुढे जाऊन त्यांनी सांगितलं, की प्रूफ मी बरोबर तपासलं होतं. शब्द दोनदा पडला होता, सही करताना एक काढायला सांगितला, त्याने दोन्ही काढले. आणि एवढ्यावर न थांबता पुढे म्हणाल्या, ‘फादर, त्याला दिसत नाही. दोन वर्षं झाली. लपवतोय.’

दुसऱ्या दिवशी सकाळी फादर तळघरात उतरले. काम थांबलं. त्यांनी जुळाऱ्याला पेटीपाशी उभं केलं आणि एक ओळ सांगतो ती जुळव म्हणाले. सगळे भोवती जमले. जुळाऱ्याच्या कपाळावर घाम होता, पण हात सराईत. घरातून घरात असा फिरला की फादरांना बोलायला उशीर व्हावा. ओळीचा ठसा काढून पाहिला तर कानामात्रेची चूक नाही. दोघाचौघांनी टाळ्या वाजवल्या. फादरांनी सुटकेचा श्वास टाकला. दिसतंय की याला, असं काहीतरी ते पुटपुटले आणि जिन्याकडे वळले.

सगळं तिथेच संपलं असतं. फादरांनी बिशपांना कुणाचंही नाव न घेता माफीचं पत्र लिहिलं असतं. बाईंना ते कळत होतं. पण मग चूक कुणाची, हा प्रश्न उरला असता, आणि उरलेला प्रश्न फिरत फिरत काचेच्या आडोशापर्यंत आला असता.

‘फादर,’ बाई म्हणाल्या, ‘घरं त्याच्या हाताला पाठ आहेत. खिळे मिसळून द्या.’

फोरमनने मूठभर खिळे हलवून जुळाऱ्याच्या तळहातावर ठेवले. एकेक उचलून अक्षर सांगायचं होतं. जुळाऱ्याने पहिला खिळा डोळ्यांसमोर धरला, मग मान तिरकी करून कडेने पाहिला, मग अंगठ्याने चाचपला. ‘म,’ म्हणाला. तो भ होता. पुढचा घ म्हणाला, तो ध निघाला. कुणीतरी हसलं, आणि हसू एकाकडून दुसऱ्याकडे गेलं. पाचव्या खिळ्याला त्याने सांगितलेलं अक्षर एवढं लांबचं होतं, की फोरमनलाही हसू आवरेना. जुळारी थांबला नाही. सांगितलेलं काम संपवायचं ही त्याची सवयच. मुठीतले सगळे चोवीस खिळे त्याने एकेक करून उचलले, आणि सतरा चुकले. शेवटी शेवटी कुणी हसत नव्हतं. तो तिरकी मान करून बाई कुठे उभ्या आहेत ते शोधत होता.

त्याला कामावरून काढलं. संध्याकाळी तो आपला डबा आणि जुना कोट घेऊन निघाला तेव्हा काचेपाशी आला. बाईंना वाटलं, आता हा ओरडेल. त्याने हलक्या आवाजात विचारलं, ‘बाई, मला वाटतं तुम्ही मला दोनदा सांगितलंत. पहिल्या प्रूफाला एकदा आणि दुसऱ्याला एकदा. मला तसंच ऐकल्यासारखं आठवतं.’

‘एकदाच सांगितलं होतं.’

‘नक्की ना?’

‘माझी कधी चूक झालीय?’ बाई म्हणाल्या.

जुळाऱ्याने मान हलवली. त्याचा स्वतःच्या डोळ्यांवरचा भरवसा आधीच उडाला होता. त्या दिवशी कानांवरचाही उडाला.

पुढची दोन वर्षं बाईंनी ते बोलणं मनात येऊ दिलं नाही, निदान कामाच्या वेळात तरी. मागची खोली त्यांच्याकडेच राहिली, कारण वहिनीच्या मुलाचं लग्न मोडलं. जुळाऱ्याच्या बायकोला छापखान्यात झाडलोटीचं काम मिळावं म्हणून त्यांनी फादरांकडे शब्द टाकला, आणि मिळालंही. ती रोज सकाळी बादली घेऊन यायची आणि बाईंचं टेबल सगळ्यात आधी पुसायची. तुमचे उपकार कसे फेडू, म्हणायची. बाई त्या वेळी समोरच्या पानात डोकं खुपसून बसत.

रविवारी मात्र सुटका नव्हती. मिस्सेच्या, म्हणजे उपासनेच्या, वेळी जुळारी आणि त्याची बायको त्यांच्या पुढच्या तिसऱ्या बाकावर असत. कम्युनियनला सगळे उठत, बायको उठे, जुळारी मात्र, मनावर पाप असताना प्रसाद घेऊ नये म्हणून, गुडघे आक्रसून बसून राही आणि लोकांना जायला वाट देई. बाई उठून वेदीपाशी जात. न गेल्या असत्या तर लोकांनी विचारलं असतं, का गेला नाहीत म्हणून.

एके सकाळी बायकोने पुसायचं फडकं पिळून बादलीवर टाकलं आणि बाईंच्या समोर उभी राहिली. म्हणाली, आता पार दिसेनासं झालंय त्याला. पण त्यासाठी नाही रडत तो. देवाच्या लेकाला मी तीन हजार पोरांपुढे पापी केलं, एवढंच धरून बसलाय. तीन फादरांकडे पापनिवेदन करून झालं, तिघांनी पापक्षमा दिली, याला ती लागत नाही. तुमचं तो ऐकतो, तुम्ही एकदा समजावा.

नाही म्हणायला कारण सुचेना. बाई गेल्या.

चौथ्या मजल्यावरची खोली. जुळारी खिडकीशी स्टुलावर बसला होता. बोटांवरची शाई गेली होती, त्यामुळे ते हात दुसऱ्याच कुणाचे वाटत होते. बाईंचा आवाज ऐकून तो गडबडीने उठला आणि खुर्ची चुकीच्या दिशेला सरकवली. बाई समजावायलाच आल्या होत्या, दुसरा काही विचार त्यांनी येताना केला नव्हता. त्यांनी पुस्तकातलं सांगितलं: नकळत घडलेल्या चुकीला पाप म्हणत नाहीत, त्याला जाणीव लागते, इच्छा लागते.

जुळाऱ्याने ते शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, ‘नकळत कसं, बाई? मला दिसत नव्हतं हे मला माहीत होतं. नोकरी जाईल म्हणून लपवलं. माझ्या जागेसाठी मी त्याच्या नावाला डाग लावला. याला जाणीव नाही तर काय म्हणायचं?’

बायको दारात चहाचे कप घेऊन उभी होती. आयुष्यभर बाईंनी दुसऱ्याच्या वाक्यातलं चुकलेलं दाखवलं होतं; हे वाक्य पुरं चुकलेलं त्यांच्यासमोर पडलं होतं आणि ते त्यांना पाहवेना.

‘दोनदा सांगितलं होतं,’ त्या म्हणाल्या. ‘तुम्ही बरोबर ऐकलं होतं. दुसऱ्यांदा मी चुकून काटला. तो कागद मी फाडला. आणि खिळे मिसळायला मीच लावले.’

मग जुळाऱ्याने तपशील विचारले, अगदी कामाच्या आवाजात. दुसऱ्या प्रूफात शब्द एकदाच होता ना? रेघ लाल होती? समासात काही लिहिलं होतं? बाईंनी प्रत्येकाचं उत्तर दिलं. बायकोने कप जमिनीवर ठेवले होते.

‘मला माफ करा,’ बाई म्हणाल्या.

जुळारी खिडकीकडे तोंड करून होता. ‘करायला हवं,’ तो म्हणाला. ‘त्याने क्रुसावरून केलं. ज्यांनी खिळे मारले त्यांनाच केलं. मला सगळं पाठ आहे, तुम्हीच वाचून दाखवलंय. पण त्याला दोन स्वभाव होते, बाई. मला एकच आहे.’

बायकोने बाईंचं मनगट धरलं. इतक्या दिवसांची झाडपूस करून तिचे हात सुजलेले आणि खरखरीत झाले होते. ओढत नाही, पण सोडतही नाही, अशी ती त्यांना बाहेर घेऊन आली आणि जिन्याच्या तोंडाशी उभं केलं. माझ्या नवऱ्याचं चाळीस माणसांपुढे हसं केलंत, म्हणाली, इथेही माणसं राहतात. तिने शेजारची तीन दारं ठोठावली. वरखालच्या मजल्यांवरून माणसं डोकावली. ‘आता सांगा,’ ती म्हणाली. बाईंनी सांगितलं. आवाज खालपर्यंत जात नव्हता, म्हणून तिने पुन्हा सांगायला लावलं, आणि बाईंनी पुन्हा सांगितलं. कुणी हसलं नाही. एका म्हातारीने ‘शी’ म्हटलं आणि दार लावून घेतलं. मग वरच्या मजल्यासाठी बाईंनी तिसऱ्यांदा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्या फादरांच्या खोलीत गेल्या आणि तेच चौथ्यांदा सांगितलं. फादरांनी आधी दार लावलं. ऐकता ऐकता ते टेबलावरच्या टाचण्या एका रांगेत लावत होते. शेवटी म्हणाले, की दोषी माणसाला काढलं असं मी बिशपांना तेव्हाच लेखी कळवलंय. परीक्षा मी स्वतः घेतली होती, माझ्या सहीने घेतली होती. आता हे उकरलं तर छापखान्याची काय शोभा राहील? तो तसाही आंधळा झालाच आहे, पुन्हा कामावर थोडाच येणार. तुम्ही पापनिवेदनाला या, ते मी ऐकेन, तो देवाचा आणि तुमचा प्रश्न. पण इथे हा विषय पुन्हा नको. नवी आवृत्ती करायची आहे, तुमच्याइतकं नजरेचं माणूस माझ्याकडे दुसरं नाही.

बाई टेबलावर परत आल्या. टेबल पुसलेलं नव्हतं. जुळाऱ्याच्या बायकोने काम सोडलं होतं आणि बादली जिन्याखाली पालथी घातली होती.

नव्या आवृत्तीत बाविसावं उत्तर बरोबर आलं. ती दोघं नंतर त्या चर्चमध्ये दिसली नाहीत. कुणी म्हणालं, पलीकडच्या धर्मग्रामात जातात. जुळारी तिथे कम्युनियन घेतो की नाही हे बाईंना कधी कळलं नाही, आणि विचारायला तोंड नव्हतं. त्या स्वतः आता मिस्सेला शेवटच्या बाकावर बसत आणि कम्युनियनला उठत नसत. लोकांनी विचारलं नाही. चौथ्या मजल्यावरची गोष्ट तोवर छापखान्यात आणि भावाच्या घरीही पोचली होती. वहिनीने एवढंच केलं, की त्यांचं ताट वेगळं वाढून मागच्या खोलीत आणून ठेवू लागली.

पुढच्या हिवाळ्यात जुळारी न्यूमोनियाने गेला. बाईंना फोरमनकडून कळलं. त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि स्मशानभूमीपाशी गेल्या. फाटकात त्याची बायको काळ्या कपड्यांत उभी होती, येणाऱ्या प्रत्येकाचा हात हातात घेत होती. बाईंची पाळी आली तेव्हा तिने हात मागे घेतला.

‘तुम्ही आत नका येऊ,’ ती म्हणाली. आवाज चढवला नाही.

बाई भिंतीच्या कडेने उभ्या राहिल्या. आतून प्रार्थना ऐकू येत होत्या. मग माती पडल्याचा आवाज आला, मग माणसं त्यांच्या समोरून बाहेर पडली आणि पांगली. सगळ्यात शेवटी बायको आली आणि मान न वळवता निघून गेली. आत जायला आता कुणी अडवलं नसतं. बाई थोडा वेळ फाटकाकडे बघत राहिल्या, मग वळल्या. साडेअकराला त्या तळघरात पोचल्या, कोट काढून खुंटीला अडकवला आणि सकाळपासून पडून राहिलेलं प्रूफ पुढ्यात ओढलं.